पोर्वेनिरचं फुलपाखरू

इथं वाऱ्याला तोटा नाही.
पत्रे उडतात, मेंढ्या तिरक्या चालतात,
आणि दॉन बार्तुलोची पिकअप
चढावर धाप लागून मरते.

यास्ना जुनी थ्रॉटल बॉडी उतरवते.
आत काजळी, किटलीच्या बुडासारखी.
चिकटलेलं गॅस्केट ती
फेरीबोटीच्या जुन्या पासानं खरवडते;
लोखंड लावलं की ओरखडा राहतो,
आणि ओरखड्यातून हवा चोरपावलांनी शिरते.

नव्या नळीत पितळी चकती.
गावात तिला मारिपोसा म्हणतात. फुलपाखरू.
बोट लावायचं नाही.

चार बोल्ट, समोरासमोर.
टिक् झालं की हात थांबतो.
म्हातारा म्हणतो, अजून थोडं पीळ.
ती ऐकत नाही.

"किल्ली फिरवा. स्टार्ट नको.
तीस सेकंद.
त्याला शिकू दे
बंद म्हणजे कुठवर बंद."

दॉन बार्तुलो स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो.
शेजारच्या सीटवर बायकोची लोकरी टोपी,
मागच्या हिवाळ्यापासून तशीच.
शेडचं दार वारा ढोसतोय.

बॉनेटखाली बारीकशी गुणगुण.
काहीतरी उघडतं,
मिटतं.

"आता?"
"अजून नाही."