लेट फी

शुक्रवारी दुपारी, कुवेतच्या टोकाला, फहाहीलमधल्या या दोन खोल्यांत
मी पपांना सिनेमा लावून देते.
हा बघा, म्हणते, युद्धाचा आहे,
दोन भाऊ आहेत, आणि आईनं लपवलेलं काहीतरी
अगदी शेवटी फुटतं. बघण्यासारखा आहे.
पपा मान डोलावतात.
वसईहून आणलेलं सुकेळं हातात तसंच राहतं.

मला वाटायचं, त्यांना लढाई आवडते.
पण नायक मरतो तेव्हा ते चष्मा पुसत नाहीत,
बॉम्ब पडतो तेव्हा दचकत नाहीत.
मागच्या रांगेतला कुणी, ज्याला एकही वाक्य नाही,
ज्याचं हेल्मेट कानांवर उतरलंय,
तो दिसला की म्हणतात, "थांबव जरा."
खुर्ची पुढे ओढतात, पडद्याला नाक लावतात,
बाजारात पापलेटाचा कल्ला उघडून बघावा तसे.
"नाही," म्हणतात. "चालू दे."

आज "चालू दे" म्हणाले नाहीत.

खाली जिथे मोबाइलची कव्हरं विकतात
तिथे अबू मिशारीची कॅसेट लायब्ररी होती.
काउंटरवर इनास लोपीस, वय एकतीस.
रजिस्टरात नाव, नंबर, तारीख;
उशीर झाला तर दिवसाला शंभर फिल्स.
नव्वद सालच्या ऑगस्टात रणगाडे आले
तरी दुकान उघडं,
कारण बंद दुकानांची कुलपं आधी फुटत होती.

बसऱ्याचा कर्रार. मिशीचं अजून ठरायचं होतं.
"मारामारी नको," म्हणाला, "ती आहेच. घरातलं काही दे."
आणि स्वतःच शेल्फमागे हात घातला.
शेल्फमागे मालकाचा मुलगा होता,
पाच दिवस, बिस्किटं, एक बादली.
हात मिशारीच्या पायाला लागला.
पंखा केवढा आवाज करतो
ते मला तेव्हा कळलं, पपा म्हणतात.
कर्रारनं कॅसेट काढली. बाहीनं धूळ पुसली.
"आवाज नीट आहे ना हिचा?"
पपांनी लिहिलं: कर्रार, एकशे बारा.

परत केली ती रिवाइंड करून.
वीज नव्हती म्हणून एक दिवस उशीर,
त्याचे शंभर फिल्स काउंटरवर ठेवले.
बंदूक खांद्यावर असलेल्या माणसानं.
वर एक पत्र.
तुमच्या बसेस बसऱ्यावरून जातात ना?
थांब्यामागची गल्ली, निळं दार, आई असेल.

बस वीस मिनिटं थांबली.
लोक पाण्याला उतरले.
दार खिडकीतून दिसत होतं.
"दिसत होतं," पपा पुन्हा म्हणतात.
"तू आईच्या पोटात सहा महिन्यांची.
दर नाक्यावर झडती. आणि मी..."
पुढचं वाक्य त्यांनी चौतीस वर्षं शोधलंय,
आजही मिळालं नाही.

मग सुकेळ्यांच्या पिशवीतून
एक रिकामा कॅसेटचा डबा निघतो.
"तुला ही अक्षरं येतात ना?
मी कुणाकडून वाचून घेतलं नाही."
मला येतात. हॉस्पिटलात दिवसभर
हीच अक्षरं बिलांवर असतात.

आई, इथे एक सिनेमा पाहिला.
शेवटी आई मुलाला त्याच्या चालीवरून ओळखते.
तुला आवडेल, आलो की सगळा सांगतो.
आणि खाली, घाईत, तिरकं:
हे पत्र आणणारा लांबचा आहे,
त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

"काय म्हणतो?"
"सिनेमाची गोष्ट सांगतोय," मी म्हणते.
"चांगला आहे म्हणतो."
खालची ओळ मी घडीत दुमडून ठेवते.
घरातलं गुपित आता माझ्याकडे.

"रडका होता जरा, एकशे बारा," पपा म्हणतात,
आणि रिमोट मागतात.

मी उठून भात गरम करते, बोंबील तळते, पान मांडते.
साडेचार वाजलेत.
ही काय जेवायची वेळ, पपा विचारतात,
आणि जेवतात.