लाइन क्लिअर

औसा रोडला, डाळ मिलच्या वरच्या मजल्यावर
आमचं ऑफिस. तीन खुर्च्या, एक इन्व्हर्टर,
खाली रात्रपाळीचं सॉर्टेक्स चालू.
हवेच्या एका फुंकरीत काळा दाणा बाजूला उडतो,
बाकीची तूर पिवळीधम्मक खाली.
हेवा वाटतो मला त्या यंत्राचा.
त्याला फक्त रंग बघायचा असतो.

माझ्यापुढं चौकोनांची यादी.
नेटवर्क. डेटाबेस. साठवण. किल्ल्या. घंटा.
मोंढ्याच्या सौद्याचं अख्खं घर
असं मजकुरात लिहून ठेवलेलं;
वाचत जावं आणि घर उभं राहावं.
सकाळी सोयाबीनचा सौदा निघायच्या आत
मला एकच चौकोन बदलायचाय:
घंटा. भाव फुटला की अडत्याच्या खिशात वाजणारी.
अर्ध्या ओळीचं काम.

पाइपलाइन विचारते, काय काय लावू?
आणि सगळ्यात वर, आधीच टिक होऊन बसलेलं
'सगळं'.

मागच्या पोळ्याला विश्वंभरनं 'सगळं' लावलं.
डेटाबेसची जागा कुणीतरी मधल्या काळात हातानंच वाढवलेली,
मजकुराला पत्ता नाही.
मजकूर प्रामाणिक. लिहिलं होतं तेवढंच घर
त्यानं परत उभं केलं.
मोंढा तीन तास पेन्सिलीवर चालला.

माझे वडील लाइनमन, निलंग्याकडं.
खांबाला हात लावायच्या आधी
फोनवर तीनदा म्हणायचे: गाव, फीडर, खांबाचा नंबर.
"आपला नेहमीचा तो" म्हणणाऱ्याला शिवी.
मग वहीत परमिट, वेळ, सही.
मग डीओ उतरलेला स्वतःच्या डोळ्यानं बघायचा,
मग तारेवर साखळी.
"बंद कर म्हणलं की लाइन बंद हुती, पोरी.
पर तिच्यावर कोण टेकलंय
ते तिला कुठं ठावं असतंय?"
महेबूब हेल्परची दोन बोटं बंद लाइनवरच गेली.
कुणाच्या तरी लग्नातला जनरेटर
मागून करंट सोडत होता.

मी 'सगळं' पुसते. 'घंटा' टिकते.
यंत्र आपणहून अजून दोन नावं ओढून आणतं:
घंटा ज्या नेटवर्कवर उभी ते,
जिच्यानं उघडते ती किल्ली.
पायाशिवाय भिंत नाही, एवढं त्याला कळतं.
घंटेवर काय टेकलंय ते मात्र
त्याला विचारून उपयोग नाही.
ते मला माहीत पाहिजे.
आहे का?

शोधत बसते. घंटेचं जुनं नाव, फाइलीमागून फाइल.
पावणेबाराला सापडतो: हमालीचा हिशेब.
भाव फुटला की पोती मोजायला लागणारा,
त्याच घंटेच्या दोरीला
आमच्यापैकीच कुणीतरी बांधून ठेवलेला.
नुसती घंटा बदलली असती
तर अडत्यांचे फोन वाजले असते,
आणि हमालांची पोती दिवसभर शून्य.

तोही टिकते. नियोजन परत मागते.
बदल दोन. नवं काही नाही. नष्ट काही नाही.
शेवटचा आकडा बोट ठेवून वाचते.
विश्वंभर बाकावर झोपलाय, त्याला हलवते.
"नाव वाच."
"कामून? तूच तर लिहिलंय."
"म्हणूनच. मोठ्यानं वाच."
तो वाचतो, जांभई देत, तीनदा.

मग एंटर.

खाली सॉर्टेक्स थांबलेलं. पोतं शिवायची मशीन तेवढी
मधूनच कर्र करते.
मी एक चाचणीचा भाव सोडते:
लॉट शून्य, भाव शून्य.
चाचणीच्या यादीत एकच नंबर असायला हवा, माझा.

दोन मिनिटांनी फोन येतो,
गंजगोलाईतून, घोगरा आवाज:
"शून्य भावात कोण इकायलंय हो ह्या येळंला?"

विश्वंभर हसतो.
मी माफी मागते, फोन ठेवते,
आणि ती यादी उघडते.