काटा नंबर दोन

मिरजेला दस्तगीर मुजावरच्या वखारीत
पत्र्याच्या डब्यात चिपा पडल्या होत्या, किलोवर.
बेळगावचा कोणी नेतो म्हणाला, आम्लात टाकतो,
पायावरचं सोन्याचं पाणी तेवढं काढून घेतो.
मी एकच उचलली.
दोन्ही अंगांना बारा-बारा पाय,
पाठीवर गोल काच, काचेवर कागदाचा चतकोर,
त्यावर शाईपेनानं:
सु. आ. ८-११-८७. काटा नं. २.

ही चिप उजेडानं विसरते.
कागद निघाला, उन्हात राहिली,
की आठवड्याभरात पाटी कोरी.
म्हणून तेव्हाची माणसं तिच्या डोळ्यावर
जे हाताला लागेल ते चिकटवायची,
काळी टेप, औषधाचं लेबल,
एकदा तर एसटीचं तिकीटही पाहिलंय मी, तासगाव ते पलूस.

गणपती पेठेत, माडीवर, पंखा बंद करून
तिला पाच व्होल्ट दिले.
दोन हजार अठ्ठेचाळीस घरं.
सकाळी फोनवर येणारा गुलाब
याच्या शंभरपट जागा खातो.
एवढ्याशा जागेत ऊसाची गाडी चढते,
आकडा थरथरतो, थांबतो,
पावती फाटते, गाडी उतरते.

वही घेऊन बसलो, कॉलेजात बसायचो तसा.
एकेक घर उघडायचं, हुकूम लिहायचा:
आण. ठेव. वजा कर. परत जा.
काटा दहा-दहा किलोनं बोलायचा,
म्हणजे वरचे सुटे किलो कुठंतरी घालवणं आलं.
बरोबर रीत अशी, की पाच मिळवावेत,
मग एकक पुसावा.

इथं नऊ होते.
डोळे चोळून पुन्हा पाहिलं.
भरल्या गाडीला नऊ मिळव, एकक पूस.
रिकाम्या गाडीला काहीच मिळवू नको,
नुसता पूस.
एक किलो वर असला तरी भरली गाडी पुढच्या दहावर,
नऊ किलो वर असले तरी रिकामी मागच्या दहावर.
हिशेब केला. गाडीमागं सरासरी नऊ किलो,
ऊसवाल्याच्या पदरात.

काटा मारतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.
असाही मारतात,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाळगोंडा मगदूम तेव्हा काट्यावर पावत्या फाडायचे.
आता कुपवाडला लेकाकडं असतात, ऐकायला कमी येतं.
चिप तळहातावर ठेवली तर चष्मा पुसत म्हणाले,
"आडमुठेबाई वं. सुलोचना.
सायकलीवरनं यायची, आन आडनावाला जागायची.
सायबानं चहा दिला तर म्हणायची, आदी वायर दावा."
मग थोडं थांबून,
"गाडीवान सगळी दोन नंबरलाच रांग लावायची.
म्हणायची, तिकडं बैलं हलकी हुत्यात."

तपासणीला सरकारी माणूस यायचा
वीस-वीस किलोची वजनं घेऊन.
वीस, चाळीस, साठ, ऐंशी.
सगळी पूर्ण दहाची.
पूर्ण दहात नऊ मिळवून एकक पुसला
तर दहाच राहतात.
शिक्का बसायचा, बरोबर.

चूकही असेल.
हंगाम तोंडावर, रात्रीचे दोन,
पाचाच्या जागी नऊ पडायला काय लागतं?
मगदूमांना पुन्हा विचारलं, मोठ्यानं.
ते खिडकीतून बाहेर बघत राहिले,
मग नातवाला हाक मारून म्हणाले, पावण्यास्नी च्या आण.

या चिपेची हमी दहा वर्षांची असायची.
त्यानंतर आत कोंडलेली वीज
थेंब थेंब झिरपते, एकेक घर विसरत जातं.
मी सगळी घरं उतरवून घेतली आहेत,
तीन ठिकाणी, शिवाय वहीत.
तरी काल रात्री ती परत वाचली.
नऊ जागेवर आहेत.

कागदाचा डिंक वाळला होता.
नवा लावला, बोटानं दाबून धरला.
अक्षर जरा तिरकं बसलं.