वट्टमवार बुक डेपो, देगलूर

दुकानाच्या आधी वट्टमवारांचं तोंड उघडायचं.
शटरला म्हणायचे, "गंजून गंजून माझ्याच जिवावर उठलास."
मग झाडूला, झाडणाऱ्या मला,
समोरच्या पानटपरीतल्या रेडिओला,
आणि बिलोलीच्या गाडीला, जी रोज उशिरा यायची.
एकदा वेळेवर आली,
तर, "आज काहून लवकर? कोण मेलं हिचं?"

मी अकरावी नापास. पगार चारशे.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की
काउंटरखाली बसून विकायची डिक्शनरी फुकट वाचायचो.
इंग्रजी सुधारावं म्हणून नाही.
मालकासाठी एक शब्द हवा होता,
त्यांच्या तोंडावर म्हणता येईल
आणि त्यांना कळणार नाही, असा.

आधी सापडला ग्रंपी.
बरा होता, पण लहान पोराच्या चपलेसारखा,
वट्टमवारांच्या पायात शिरेना.
क्रँकी म्हणजे हँडल मारल्याशिवाय चालू न होणारं काहीतरी,
असं मीच ठरवलं,
रज्जाकमामूच्या जीपकडं बघून.
ग्राउच म्हणताना ओठ आपोआप
रुसल्यासारखे पुढं यायचे.
मग क्रॅबी. खेकड्यासारखा.
तिथं मी एकटाच हसलो.
म्हणजे विलायतेतला माणूसही खेकसताना
खेकडाच होतो!
खाली निळ्या पेनानं रेघ मारली. दोनदा.

शेवटी कर्मजन.
जुनाट, तिरसट, कुणाचं काहीच न पटणारा म्हातारा.
पुढं छापलेलं: हा शब्द कुठून आला, ठाऊक नाही.
मला ठाऊक होतं.
लेंडीच्या पुलाकडून, सायकलवरून,
हँडलला डबा अडकवून
रोज साडेनऊला यायचा.

दुसऱ्या दिवशी धीर करून म्हणालो,
"या, कर्मजनशेठ."
"कर्मच माझं," ते म्हणाले,
"नाहीतर तुझ्यासारखा नोकर का मिळाला असता?"

जूनमध्ये हाणेगावच्या एका बापानं
पोरीसाठी तीच डिक्शनरी नेली
आणि संध्याकाळी परत आणली.
"वापरलेली हाय, शेठ. रेघा हायत."
वट्टमवारांनी पैसे मोजून दिले.
काही बोलले नाहीत.
काहीच बोलले नाहीत, तेव्हा मी घाबरलो.

ट्यूबलाइटखाली चष्मा लावून
एकेक पान उलटत बसले.
मी वह्यांचे गठ्ठे उगाच इकडचे तिकडं केले.
तासाभरानं म्हणाले,
"एकशे ऐंशी पगारातून कापणार."
मग कानामागचा लाल पेन काढला, उधारीचा.
"आणि हे लई अपुरं हाय."

डिक्शनरी अजून माझ्याकडं आहे.
ग्रंपीच्या शेजारी, समासात, त्यांचं बारीक अक्षर:
कुरकुर खाटेची. किरकिर दाराची.
पिरपिर पोराची, ताप उतरताना.
धुसफूस भावाभावांची, बिलोलीच्या कोर्टात, अकरा वर्षं.
कटकट बायकोची.
ती गेल्यावर घर लई मोठं होतं.

क्रॅबीखाली माझ्या निळ्या रेघांच्या खाली लाल रेघ:
खेकडा आपणहून अंगावर येत नाही.
त्याला डिवचतात.

कर्मजनपाशी काही लिहिलेलं नाही.
नुसता एक लाल ठिपका, कागदाच्या पाठीपर्यंत झिरपलेला.
पेन टेकवून बराच वेळ
बसले असावेत.

मग उठून त्यांनी शटर ओढलं. ते किंचाळलं.
"तेल घाल म्हणलं होतं ना."

घातलं नव्हतं.
त्या रात्री घातलं, अर्धी बाटली.
सकाळी शटर हूं की चूं न करता वर गेलं
आणि वट्टमवार रस्त्यावरच थांबले,
हात तसाच वर, तोंड अर्धवट उघडं.
शटरकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.
पायरीवर तेलाचे दोन थेंब पडले होते.

"जास्त घातलंस," म्हणाले,
आणि आत गेले.