पान सात, खाली कोपऱ्यात

पेपर येतो साडेसहाच्या पॅसेंजरनं,
म्हणजे साडेसातला, म्हणजे आठला.
तोवर मी दोन दाढ्या उरकतो
आणि तिसऱ्याला फेस लावून बसवून ठेवतो.
पहिलं पान मी वाचत नाही.
पान सात. खाली कोपऱ्यात.
मूळव्याधीच्या जाहिरातीला खेटून
तिथं आमचा क्लब राहतो.

पूर्णा लोको इलेव्हन.
पेपरात कधी 'लोकल इलेव्हन', कधी 'लोकहित',
एकदा तर 'लोखंडे इलेव्हन' –
त्या दिवशी लोखंडे वकिलांनी पेढे वाटले.

'स्पर्धेचे थाटात उद्घाटन.'
थाटातच, दर वर्षी.
मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी उपाध्यक्ष,
स्वागताध्यक्ष, स्वागताध्यक्षांचे बंधू
'आदींची उपस्थिती होती'.
त्या आदींमध्ये आमची अकरा पोरं.
फोटोत सतरा माणसांनी मिळून
एक बॉल हातात धरलेला.
आमच्यात याला फाऊल म्हणतात.

सिद्धोधन खिल्लारेनं हिंगोलीच्या तीन पेनल्ट्या अडवल्या,
तिसरी तोंडानं.
दात रुमालात बांधून घरी गेला.
छापून काय आलं?
'सिद्धार्थ खिलारे यांचेही सहकार्य लाभले.'

आणि परभणीला राडा झाला तेव्हा
चार कॉलम. वय, वडलांचं नाव, राहणार कुठले.
एकाही नावाची वेलांटी चुकली नाही.

पांपटवार रविवारी केस काळे करायला येतो.
बातमीदार तोच, पेपरचा एजंट तोच,
बी-बियाणाचं दुकानही त्याचंच.
गळ्यावर वस्तरा ठेवून विचारलं,
कामून असं करू लालाव हो?
मान न हलवता म्हणाला,
"गुंडाभाऊ, जागा मापानं मिळती.
मी लिहितो ढीगभर.
तिकडं नांदेडला एकजण बसलाय कात्री घेऊन,
तुमच्यासारखाच."

मग त्याच्या मेव्हणीचं लग्न निघालं देगलूरला,
ऐन फायनलच्या दिवशी.
"तुम्हीच लिहा आता," म्हणाला,
"लई बोलता तर."

हेअर ऑइलच्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहिलं मी.
ऑक्टोबर भरला, नोव्हेंबर भरला.
पाण्याच्या टाकीची सावली पेनल्टी एरियात शिरली ते लिहिलं,
मालगाडीच्या शिट्टीला
रेफ्रीची शिट्टी समजून थांबलेला त्यांचा बॅक लिहिला,
सिद्धोधनचं नाव दोनदा, पूर्ण, 'ल'ला 'ल' जोडून.
कोण मान्यवर आले होते ते लिहिलंच नाही.

शेवटच्या मिनिटाला मुजीबनं बॉल आत घातला.
हातानं.
मी चुन्याच्या रेषेवरच होतो, वावभर अंतरावर.
पंचाला दिसलं नाही. मला दिसलं.
पेन थोडा वेळ थांबलं.
मग लिहिलं, 'डोक्याने'.

नांदेडच्या कात्रीनं टाकी कापली,
मालगाडी कापली, सिद्धोधन एकदाही शिल्लक नाही.
मान्यवर कुठून तरी आलेच, सहा.
आणि एक वाक्य जसंच्या तसं:
'मुजीबने अखेरच्या क्षणी डोक्याने अप्रतिम गोल केला.'
वेलांटीसुद्धा बरोबर.

पांपटवार लग्नाचे लाडू घेऊन आला,
उभ्याउभ्या वाचलं.
"जमलं की," एवढंच म्हणाला.
त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार.

बावीस वर्षं झाली,
वस्तऱ्याचा फेस पुसायला मी पेपरच फाडतो.
राजकारण फाडतो, राशिभविष्य फाडतो,
पान सात बाजूला काढून ठेवतो,
चुकलेल्या नावांसकट.
त्या दिवशी पहिल्यांदा
हात तिकडं गेला.

दुपारी मुजीब आला, शाळेच्या दप्तरासकट.
खुर्चीवर बसायच्या आधीच,
"चाचा, पेपर?"

आला नाही रे, म्हटलं.
गाडी लेट आहे.