रुळाचा तुकडा

शनिवारी साडेअकराला शाळा सुटली की
तांदळाच्या खोलीचं कुलूप मी काढायची.
खिचडीच्या पोत्यांना टेकून अकरा वाद्यं,
सगळ्यांत थोराड ते चेलो.
ते उचलायचं तापातलं पोर उचलावं तसं,
मानेखाली हात घालून.
रजिस्टरात मात्र: नग अकरा, हस्ते शिपाई.

कॅम्पातून डायस बाई यायच्या स्कूटरवर.
मोठ्या ऑर्केस्ट्रात त्या मागच्या रांगेत वाजवतात म्हणे.
इथे पहिला महिना कुणाला वाजवूच दिलं नाही,
नुसता गज धरायला शिकवला.
"भाजलेला पापड धरतो तसा. मोडायचा नाही, पाडायचा नाही."
ताडीवाला रोडची पोरं. पापड कळला.

यल्लेशच्या वाट्याला चेलो आलं.
त्याच्यामागे तो दिसेचना.
आई विचारायची, "शिकून काय, वरातीत वाजवणार?"
उत्तर त्याच्याकडे नव्हतं, बाईंकडेही नव्हतं,
मला तर कुणी विचारलंच नव्हतं.

एकदा बाई म्हणाल्या, "मावशी, जरा घंटा द्या."
आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा,
चिंचेला तारेनं टांगलेला.
एकोणीस वर्षं बडवतेय.
दिली एक. पोरं तारांवर बोटं सरकवत तिला शोधू लागली,
कुणी वर जातंय, कुणी खाली घसरतंय,
मी परत दिली, परत दिली,
शेवटी सईदाला सापडली.
"दोन पट्ट्यांच्या मधे उभी आहे ती," बाई म्हणाल्या,
"बेसूर नाही हं. फक्त मधे उभी."
त्या संध्याकाळी मी बस सोडली, चालत घरी गेले.

मग कार्यक्रम. फुकट पास, लाल खुर्च्या, गारठा.
वाजवणारे एकदम थांबले
तशा आमच्या पोरांनी टाळ्या कुटल्या.
पुढच्या रांगा वळल्या.
भाग संपला होता, वाजवणं नाही.
मीही वाजवली होती. हात पदराखाली घेतले.
तिकडे स्टेजवर मागच्या रांगेतला एक गज
किंचित वर झाला, आमच्या दिशेनं.

मार्चअखेर टेम्पो आला. पैसे तीन वर्षांचेच होते.
सही केली: नग अकरा परत.
पोत्यामागे राळेचा एक खडा राहिला, मधाच्या रंगाचा.
तो काही नगात धरलेला नव्हता.
किल्ल्यांच्या जुडग्यात बांधून ठेवलाय.

पुढच्या शनिवारी तरी सात जण आले.
व्हरांड्यात बसले, रिकामे हात मांडीवर,
ओठ हलताहेत.
"काय रे, जप करताय?"
"मोजतोय, मावशी. आमचे बत्तीस बार गप्प असतात."
साडेअकराचे बारा होत आले होते,
गेट लावायचं होतं. मी लोखंडी दांडी उचलली.
यल्लेशनं मान वर न करता
एक बोट उभं केलं:
अजून नाही.