खट की खुट

"कसला आवाज?" नत्थीलालने विचारलं.
मी म्हटलं, खडखड.
"खडखड तर सगळ्या ग्वाल्हेरची आहे, साहेब.
तुमच्या गाडीची कुठली, ते सांगा."

सदतीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
मी दुसऱ्यांच्या वह्यांतला पैसापैसा हुडकला,
पण आवाज कुणी मागितला नव्हता.
दोन हजार दोनची ॲक्सेंट, रंग एकेकाळी चंदेरी,
कंपूच्या गॅरेजात गजकाच्या दिवसांतली थंडी,
आणि मला शब्द सापडेना.

कुमुद खिडकीतून म्हणाली, खडखड नव्हे हो.
डब्यात खडे घातले की खडखड.
ही खुटखुट.
खुंटी सैल झालीये आणि तिच्यावर कुणी ओला टॉवेल टाकलाय, तशी.
दूधकेंद्रापुढच्या फरशा उखडल्यात ना, तिथे.
हळू असताना. डावीकडे, माझ्या पायांशी.

नत्थीलालने कानामागची बिडी काढून खिशात ठेवली
आणि पुढचं सगळं तिलाच विचारलं.
ब्रेक मारल्यावर?
खट. एकदाच.
वळताना?
काही नाही. थांबा. कुर्र, अगदी शेवटी.
आणि वेगात?
वेगात आवाज नाही. वेगात हे घाबरतात.

घाबरतो मी.
झाशी रोडवर सत्तरला काटा गेला
की स्टिअरिंग हातात असतं, गाडी नसते.
मी डावीकडे म्हणतो,
ती जरा विचार करून वळते.

"ते दुखणं निराळं," तो जॅक सरकवत म्हणाला.
चाक वरखाली धरून हलवलं. गप्प.
आडवं धरून हलवलं. टिक.
पिंटाने खालून बोट लावलं टायरॉडच्या टोकाला,
"उस्ताद, इथे हाताला लागतंय."
कानाला न लागणारं हाताला लागतं,
हे मला त्या वयात कुणी शिकवलं असतं तर.

मी म्हटलं, एकदम सगळंच बदला.
शॉकर, बुश, लिंक, काय असेल ते.
तो हसला नाही.
"सगळं बदललं तर गाडी गप्प बसेल, साहेब,
पण बोलत कोण होतं ते कळायचं नाही."

मग त्याने दोन्ही बाजूंच्या लिंक काढल्या,
मोकळा राहिलेला दांडा तारेने बांधला.
"फिरवून आणा. हळू. वळणावर कलेल, घाबरू नका."

दूधकेंद्र. फरशा.
कुमुदने बोट वर धरलं, मी खिडकीची काच खाली केली.
गाडी पाण्यातल्या पातेल्यासारखी डुलली,
पण खुट नाही.
परत वळवून पुन्हा त्याच फरशा.
नाही.
केंद्रावरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला,
दोन म्हातारी, खड्डे शोधत फिरणारी.

नत्थीलालने जुनी लिंक माझ्या तळहातावर ठेवली.
रबराच्या टोपीत उंबराएवढा गोळा,
ग्रीस कधीच आटलेलं.
हलवली तर कोरडं, बारीक: खुट.
एवढ्याशा जागेवरून आम्ही गाडी विकायला निघालो होतो.
कुमुद गुडघ्यांवरून काहीतरी बोलणार होती,
मी म्हटलं, नको.

नव्या लिंक, टायरॉडची टोकं, डावा बुश,
अलाइनमेंट हजिऱ्याला, वेगळे पैसे.
मागे उजवीकडे अजून एक कुरकुर आहे,
नत्थीलाल म्हणाला, तिला उन्हाळा बघू द्या.

परतताना पडावचा पूल शांत उतरला.
मी म्हटलं ती वळली, लगेच, विचार न करता.
सिंदे की छावणीच्या अलीकडे कुमुद म्हणाली,
"तुम्ही गाडी चालवताना बोलता.
इतकी वर्षं ऐकूच आलं नव्हतं."
काय बोलतो?
"खड्ड्यांना नावं ठेवता."

ठेवतो म्हणजे, शिव्या देतो की बारसं करतो,
ते मी विचारलं.
ती म्हणाली, थांबा,
पुढचा येऊ द्या.